मागचा पंख कुणी खोडला?

पेपरात छापता न येणाऱ्या गोष्टी रिपोर्टरच्या डोक्यात भंगारासारख्या साचत जातात. माझा निम्मा ढीग राजाजीनगरच्या एकाच शेडमधला आहे!

शेड पाटील अण्णांची. मूळचे बेळगावचे. चांगली नोकरी सोडून डोंगरातल्या गावांना औषधं पोचवणारं ड्रोन विमान बनवत बसलेत. एक मोठा पंख पुढे, तेवढाच मोठा मागे. पहिली ऑर्डर मिळाली नाही, तर शेडला कुलूप. हे अण्णांपासून समोरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक.

*

पुण्याहून आलेली सायली त्यांची इंजिनिअर. ज्याच्या ऑर्डरवर सगळी भिस्त, त्या कस्टमरनं विमानाभोवती फेरी मारून विचारलं, "याची शेपटी कुठंय?"

"सर, तिला प्रमोशन दिलं. आता तीही वजन उचलते!"

साहेब हसले. "ट्रायल दाखवा, मग बघू."

*

मी बातमी केली, फोटोही मीच काढला. सकाळी पेपर उघडतो तर विमानाला पुढचा एकच पंख! ऑफिसात जाऊन पानं लावणाऱ्या डेस्कवाल्यांचं टेबल बडवलं.

"सर, तुमचा हात हलला होता. पंख दोनदा आलेला. आम्ही एक साफ केला."

"खुलासा छापा! फोटोसकट!"

छापला. या खेपेला मागचा पंख होता, पुढचा साफ!

मी दोन्ही पेपर घेऊन तणतणत शेडमध्ये गेलो. अण्णा शांत. "तापताय कशाला ओ? दोन्ही पेपर शेजारी ठेवा की. विमान पुरं होतंय!"

*

ट्रायल होसकोट्याच्या पुढच्या एका माळावर होती. टेम्पोवाल्यानं विमान बघूनच मान हलवली. "अण्णा, स्वल्प अडजस्ट माडी, जरा जमवून घ्या. एक पंख इथंच ठेवा. दुसरा आहे की!"

शेवटी दोन्ही पंख सुटे करून गोधडीत गुंडाळले.

*

आता हे पंख दिसायला सारखे, पण घडण वेगळी. अदलाबदल झाली तर विमान नाक वर करून आपटणार. म्हणून शेडचा रिवाज असा, की पुढच्या पंखाला कुंकवाचं बोट.

माळावर गोधडी सोडली. दोन्ही पंखांना कुंकू!

निघण्याआधी अण्णांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, पूजा करून दोन्ही पंखांना कुंकू लावलं होतं. अण्णा त्यांच्याकडे वळले.

"अगं, आधी कुठल्याला लावलंस?"

"पुढच्याला!"

"पुढचा कुठला?"

"ज्याला कुंकू होतं तो!"

कस्टमर खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. अण्णा दोन्ही पंख उलटसुलट करून बघत होते. तेवढ्यात सायली मोबाइल घेऊन ओरडली, "अण्णा, पेपरातला पहिला फोटो! त्यात फक्त पुढचाच पंख आहे, आणि त्याच्या टोकाला ओरखडा आहे!"

ओरखड्याचा पंख पुढे बसवला. विमान उडालं, झकास वळलं, अलगद उतरलं. ऑर्डर तिथंच पक्की! अण्णा डोळे पुसत मला म्हणाले, "तुमच्या डेस्कला थँक्स सांगा ओ."

मी! डेस्कला! थँक्स!

तरी नवा फोटो पाठवला आणि फोन लावला. "थँक्स. आणि आज एकाही पंखाला हात लावायचा नाही!"

"नाही लावला, सर. दोन्ही आहेत. फक्त शेपटी राहिली होती, ती लावून दिली."