मार्गासनीच्या चढावरचं डांबर

डांबर किती तापलंय हे रत्नाबाई बॅरलमध्ये डोकावून ठरवत नाहीत. त्या धूर बघतात. पांढुरका, आळसावलेला धूर असला की झारी भरायला घेतात. पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघाला की आधी जाळ ओढून घेतात. जळकं डांबर खडीला धरत नाही, हे त्यांना सोनबा मुकादमांनी शिकवलं. गुंजवण्याहून लग्न होऊन मार्गासनीला आल्या त्याच वर्षी त्या नसरापूर–वेल्हे रस्त्याच्या कामावर लागल्या होत्या. पायांना गोणपाट बांधायचं आणि डोक्यावरून खडी वाहायची. पाटी रिकामी झाली की बाकीच्या बाया सावलीला जायच्या. रत्नाबाई मुकादमांच्या मागं उभ्या राहून ते काय बघतात ते बघायच्या. सोनबांनी कधी हटकलं नाही. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच झारी रत्नाबाईंच्या हातात दिली.

सरकारी रस्त्यांवर तीस वर्षं गेली. मग गुडघे कुरकुरायला लागले, आणि त्याच सुमाराला या भागात शहरातल्या लोकांची घरं उठायला लागली. प्रत्येक घराला गेटपासून दारापर्यंत डांबरी वाट हवी असायची. मोठा ठेकेदार एवढ्याशा कामाला येत नसे. रत्नाबाई आणि त्यांचे यजमान गेनू, जे आयुष्यभर रोलर चालवत आले होते, त्यांनी एक जुना लहान रोलर घेतला आणि ही कामं सुरू केली. गेनू कमी बोलायचे. घरमालकाशी बोलणं रत्नाबाईंकडे असायचं.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सौदामिनीबाईंचा निरोप आला. सौदामिनीबाई भोरच्या कोर्टात नोकरीला होत्या आणि त्यांचे यजमान वसंतराव भूमापक. निवृत्तीनंतर दोघांनी मार्गासनीच्या वर, उतारावर घर बांधलं होतं. गेटपासून घरापर्यंत साठ-सत्तर पावलांचा चढ होता. त्याच्यावरचं डांबर दर पावसाळ्यात उखडायचं आणि दर दिवाळीत कुणीतरी येऊन वरून नवा थर टाकून जायचं. एरवी हे चाललंही असतं. पण आदल्या वर्षी वसंतरावांच्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि घराभोवती तेवढी एकच वाट होती. वॉकरचा पाय खड्ड्यात अडकून ते एकदा पडता पडता वाचले. तेव्हापासून खुर्चीतून उठेनासे झाले.

"आठ दिवसांत होईल ना?" सौदामिनीबाईंनी विचारलं. "वरून चांगला जाड थर टाका. यांना चालतं करायचंय."

रत्नाबाई चढाच्या मध्यावर उभ्या होत्या. "थर मी टाकते बाई. पर आदी पाणी कुठनं येतंय ते बघू द्या. डांबर पायाखाली न्हाई मरत, पाण्याखाली मरतं."

त्यांनी दोन बादल्या पाणी वरच्या टोकाला ओतायला लावलं आणि ते कुठं कुठं जातं ते बसून पाहिलं. पाणी कडेला न जाता मधूनच धावत होतं. मग पहिले चार दिवस डांबराचं नाव नाही. गेनूंनी डोंगराच्या अंगाला चर खणला. खड्ड्यांच्या कडा छिन्नीनं सरळ कापून चौकोनी केल्या, आतली माती खरवडली, खराट्यानं धूळ झाडली. धूळ राहिली तर डांबर धुळीला चिकटतं, जमिनीला नाही, एवढं सांगून रत्नाबाई पुन्हा झाडायला बसल्या. व्हरांड्यातून वसंतराव हे सगळं बघत होते. पाचव्या दिवशी झारी फिरली, खडी पसरली, गेनूंचा रोलर वर-खाली गेला. मधोमध किंचित उंच, दोन्ही कडांना उतार. संध्याकाळी वसंतरावांनी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "ढाळ अगदी नेमका आलाय. दोरी न लावता कसा काढला?"

"डोळ्यानं," रत्नाबाई म्हणाल्या. "सवय हाय, साहेब."

मे महिनाभर वसंतराव गेटपर्यंत जाऊन येत होते.

जुलैत वेल्ह्याकडे पाऊस धरला की आठ-आठ दिवस सोडत नाही. अशाच एका दुपारी रत्नाबाई इरलं पांघरून स्वतःहून गेटात उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात आपलं काम बघून यायचं, हा त्यांचा नेम. चढाच्या खालच्या भागात हातभर रुंदीचा पट्टा आडवा खचला होता. सौदामिनीबाई छत्री घेऊन बाहेर आल्या. त्यांनाही अजून ते दिसलं नव्हतं.

रत्नाबाईंनी टिकाव मागितला आणि पट्टा उकरला. आतून स्वच्छ पाणी वर आलं. ते कुठल्या अंगानं येतंय हे त्यांनी हात घालून चाचपलं. मग उठून म्हणाल्या, "चूक माजी हाय बाई. वरचं पाणी बघितलं, खालचं न्हाई बघितलं."

"तुम्हाला कसं कळणार जमिनीखालचं?"

"इचारायला पायजे हुतं. म्या भातखाचरातच वाढले. हितं आदी काय हुतं, येवढं तरी इचारायचं."

वसंतराव दारातून ऐकत होते. त्यांनी आत जाऊन जागेचा जुना मोजणी नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. रत्नाबाई ओल्या हातांनी शिवायला कचरत होत्या. वसंतरावांनीच त्यांचं बोट नेऊन एका रेघेवर ठेवलं. घर बांधण्याआधी तिथं भाताची खाचरं होती. बरोबर त्या पट्ट्याखाली एका खाचराचा दगडी बांध पुरला गेला होता, आणि पाणी अजून त्या बांधाच्या कडेनंच वाट काढत होतं. नकाशात दुसराही बांध होता, वरच्या वळणाजवळ. तिथं अजून काही खचलं नव्हतं.

"म्हणजे तोही जाणार," वसंतराव म्हणाले.

"व्हय. यंदा न्हाई तर फुडल्या साली."

भर पावसात डांबर करता येत नाही. रत्नाबाईंनी खड्ड्यात दगड बसवले, वर मुरूम टाकून धुम्मसनं ठोकून काढला आणि वॉकर जाईल इतपत सपाट केला. नोव्हेंबरमध्ये गेनूंना घेऊन परत आल्या. खचलेली जागा तर उघडलीच, वरचा धडका भागही स्वतःच्या हातानं कापला, आणि दोन्ही ठिकाणी आडवे पाइप टाकून पाणी चरात सोडलं. मजुरीची गोष्ट सौदामिनीबाईंनी काढली तेव्हा गेनू त्या सबंध कामात पहिल्यांदाच बोलले. "ती न्हाई घ्यायची. तुमी च्या टाका."

त्यानंतर दोन पावसाळे गेले. चढ जसाच्या तसा आहे. वसंतराव आता वॉकर गेटाशी ठेवतात आणि काठी घेऊन खालच्या रस्त्यापर्यंत जातात. दिवाळी झाली की रत्नाबाई भेगा भरायला येतात. केसाएवढी भेग त्यांना दिसते आणि सौदामिनीबाईंना बोट लावूनही सापडत नाही.

आणखी एक झालं. कुठलंही नवं काम आलं की रत्नाबाई आधी मालकाकडे मोजणीचा नकाशा मागतात. त्यांना अक्षरं लागत नाहीत, म्हणून तो घेऊन त्या वसंतरावांकडे येतात. गेल्या महिन्यात मार्गासनीच्याच एका दवाखान्याच्या वाटेचं काम होतं. व्हरांड्यात दोघं नकाशावर वाकले होते. वसंतराव ओढ्याच्या रेघेवर बोट फिरवत होते आणि रत्नाबाई विचारत होत्या, "ह्यो हितं वळतो म्हंजी ढाळ कुणीकडं धरायचा?" सौदामिनीबाई चहा घेऊन आल्या, तर कप ठेवायला टेबलावर जागाच नव्हती.