टाकतो की, पर कुटं?

मामा गेल्याचं मला शिफ्ट संपल्यावर कळलं. कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात; बाहेर आले तर मामीचे कितीतरी मिसकॉल. दिल्लीजवळच्या त्या कारखान्यातून सोलापूरला मामांच्या घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं... दुकानाचं शटर अर्धं खाली, आणि टेबलावर डाग द्यायची सोल्डर गन त्यांनी ठेवली होती तशीच.

नववीत शाळा सुटली तेव्हा आमच्या मैंदर्गी गावाहून मला आपल्याकडे आणलं ते मामांनीच. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पोरीच्या जातीला काय करायचंय, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. शेजारी बसवून सगळं शिकवलं. आज टीव्हीच्या कारखान्यात उभी आहे ती त्या शिकण्यावर. लोक नवा चपटा टीव्ही घ्यायचे आणि जुना पेटीसारखा मामांकडे आणून म्हणायचे, "द्या टाकून कुटंतरी." मामा चष्मा कपाळावर सारून विचारायचे, "टाकतो की. पर कुटं?" गिऱ्हाईक हसायचं. मामा उत्तराची वाट बघत राहायचे. भंगारवाले पिक्चर ट्यूबची मान मोडून तांबं काढतात आणि काच नाल्याकाठी ओततात. त्या काचेत विषारी शिसं असतं. म्हणून मामा ट्यूबा विकत नसत, मागच्या खोलीत रचून ठेवत. नीट विल्हेवाट लावणारे होते, पण एवढ्याशा मालासाठी गाडी कोण पाठवणार?

मामी शिवणकाम करायची. मशीन स्वयंपाकघरात, गॅसला चिकटून.

"माझ्या सवती खोलीत लोळत्यात, आन् मी हितं फोडणीत ब्लाऊज शिवते."

"सवती न्हाईत गं, पाव्हण्या हायत. जातील की."

"कवा?"

"त्यांना घर घावलं की."

ते घर काही घावलं नाही. आता शिवणावरच मामीचं पोट, आणि खोली भरलेली. मी होते तेवढ्यातच भंगारवाला येऊन गेला, सगळं एका खेपेत नेतो म्हणाला. मामी मला म्हणाली, "दिऊ का गं? मला जागा पायजे. पर ह्यांनी जल्मभर राखल्या..." मी म्हटलं, थोडी थांब. कशाच्या जोरावर म्हटलं कुणास ठाऊक. रजा संपली होती. परतीच्या गाडीत कारखानाच डोळ्यांसमोर येत होता. आमच्या लाइनवरून दिवसभर टीव्हीचे नवे पडदे सरकतात. प्रत्येकापायी कुठल्यातरी घरातून एक जुना बाहेर निघत असणार, आणि हेही पुढं कुणाच्या तरी दारात येऊन पडणार.

कारखान्यात बाद झालेले पॅनल, म्हणजे हेच पडदे, विल्हेवाटीसाठी एक कंपनी नेते. सुपरवायझरला विचारायला मी घाबरत होते. कमी शिकलेल्या बाईनं असलं काही विचारलं की तक्रार वाटते. शेवटी विचारलं. त्यांनी त्या कंपनीचा नंबर दिला. पलीकडून उत्तर आलं, जुन्या ट्यूबाही घेतो, पण गाडीभर माल हवा. मामीला हे कळवलं, तर ती स्वतः बाहेर पडली, मामांच्या ओळखीच्या मेकॅनिकांकडे एकेकाकडे गेली. त्यांच्याही माळ्यावर, जिन्याखाली ट्यूबा पडून होत्याच.

गेल्या आठवड्यात गाडी आली. रात्री मामीनं व्हिडिओवर खोली दाखवली. भिंतीवर धुळीच्या चौकटी, आणि मधोमध मशीन.

"गेल्या गं पाव्हण्या," ती म्हणाली. "ड्रायव्हर लई घाई करत हुता. मी गाडीम्होरं हुबी ऱ्हायले. म्हनलं, नेतोस ते खरं, पर कुटं? त्यानं कागद काडून पत्ता वाचला. मंग बाजूला झाले."