नानांचं जोडकार्ड

होळी झाली की नानांच्या कोटाच्या डाव्या खिशात कांदा यायचा. चांगला मुठीएवढा, पांढरा. ऊन लागू नये म्हणून ठेवलेला तो कांदा जूनमध्ये शाळा भरेपर्यंत तिथून हलायचा नाही. वर्गात आले की नाना टेबलाशी उभे राहायचे, खिसा चाचपून कांदा जागेवर असल्याची खात्री करायचे आणि मग आमच्याकडे बघून विचारायचे, "बठ्ठा शेतस ना?" सगळे आहात ना? हजेरीपट त्यानंतर उघडायचा. हजेरीत नाव लागलं तरी तेवढ्यानं त्यांचं समाधान व्हायचं नाही, प्रत्येकाचं तोंड दिसावं लागायचं.

भामरे नाना धुळ्याला, देवपूरमधल्या आमच्या शाळेत मराठी शिकवायचे. मूळचे साक्रीकडचे. शिकवताना त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी शुद्ध असायची, पण काळजी वाटली की ते अहिराणीवर यायचे, आणि काळजी त्यांना दिवसातून दहा वेळा वाटायची. खिडकीपाशी बसलेल्याला झळ लागेल, पांझरा नदीच्या डोहात कोणी पोहायला गेलं असेल, शाळेच्या विहिरीवरची फळी कोणी उघडी टाकली असेल. आम्ही हसायचो. एकदा मुलांनी मुद्दाम त्यांना सांगितलं की फळी सरकलीय, तर नाना हातातला खडू न ठेवता तसेच धावत गेले. परत आले तेव्हा रागावले नव्हते. "ठीक आहे. बंद आहे," एवढंच म्हणाले आणि घाम पुसत फळ्याकडे वळले.

या घाबरट माणसाकडे उन्हाळ्याचे विषय मात्र असे असायचे की आम्ही त्यांची वाट बघायचो. चैत्र लागला की शाळा सकाळची व्हायची, आणि रोज पहिल्या तासाला नाना फळ्यावर एक ओळ लिहायचे. 'रात्रीतून माठातलं पाणी किती खाली गेलं?' 'आपल्या गल्लीत दुपारी कोणती सावली कोणाच्या मालकीची?' 'गच्चीवर ज्वारीचे बिबडे-पापड वाळत घातलेत आणि तुम्ही काठी घेऊन राखण करताय. कावळा काय विचार करत असेल?' दुसऱ्या वर्गात 'माझा आवडता ऋतू' चालायचा. नाना म्हणायचे, "ऋतू आवडायला तो काय लाडू आहे? आज सकाळी अंगणात काय होतं, ते सांगा." लिहायच्या फक्त दहा ओळी. नऊ झाल्या तर परत पाठवायचे आणि अकरावी खोडायचे. "डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच लिहा, बाकीचं मी समजून घेतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. नानांना मनात वाचता यायचं नाही. वही हातात घेतली की ते ती मोठ्यानंच वाचायचे, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. दुकानाची पाटी असो नाहीतर औषधाच्या बाटलीवरचं लेबल, तेही तसंच. त्यामुळे कोणाची आजी कोणाशी का बोलत नाही हे सगळ्या वर्गाला ठाऊक असायचं.

सुट्टी लागायच्या आधी नाना एका लांबट वहीत आमचे सुट्टीतले पत्ते लिहून घ्यायचे. मग वैशाखाच्या तोंडावर माझ्या नावानं जोडकार्ड यायचं. जोडकार्ड म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन पोस्टकार्डं. एकावर नानांनी विषय लिहिलेला असायचा. दुसरं कोरं, त्यावर त्यांचाच पत्ता त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात. ते फाडून वेगळं करायचं, दहा ओळी लिहायच्या आणि पेटीत टाकायचं. आठवीपासून दर उन्हाळ्यात मला असं कार्ड आलं, आणि त्याचा मला मनातून फार तोरा होता. माझं लेखन सगळ्यांत चांगलं म्हणून सुट्टीतही नानांना ते वाचावंसं वाटतं, अशी माझी समजूत. वर्गात खरं सुरेख लिहायचा तो अग्रवालांचा मदन. त्याला कार्ड येत नाही हे कळल्यावर तर मी आठवडाभर मान ताठ ठेवून फिरले.

दहावीची परीक्षा झाली. तेव्हा अकरावीला मॅट्रिक असायची, म्हणजे माझं एकच वर्ष उरलं होतं. आम्ही सगळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईच्या माहेरी, पिंपळनेरला गेलो. आमच्या खानदेशात आखाजीला माहेरवाशिणी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, आणि त्या चार दिवसांत बायकांना कोणी काही म्हणत नाही. त्या वर्षी मात्र मामांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. घर चांगलं, मुलगा शेती बघणारा. आखाजीनंतर पाहुणे येणार, पसंती झाली तर त्याच दिवशी कुंकू लावायचं आणि वैशाख संपायच्या आत लग्न, असं मामांनी ठरवून टाकलं होतं. आईला ते पटलं होतं की नव्हतं, मला कधी कळलं नाही. वडील गरीब स्वभावाचे. मामांसमोर ते हूं म्हणायचे, आणि त्यांचं हूं दोन्हीकडे लागायचं. मला कोणी काही विचारलं नाही. मी ताटावरून अर्धी जेवूनच उठायची. झोक्यावरही बसायची नाही, आणि मामी म्हणायची, ऊन बाधलंय.

अशात नानांचं जोडकार्ड आलं. विषय होता, 'सध्या तुमच्या घरात कोण कोणाची वाट पाहतंय?'

मी गच्चीवर बिबड्यांचं पीठ थापत होते. खालून हाका चालल्या होत्या, वेळ नव्हता. पिठाचे हात तसेच परकराला पुसून मी जिन्यात बसले आणि दहा ओळी लिहून काढल्या. मग घाईनं दोन्ही कार्डं वेगळी केली. एका कोपऱ्याला पीठ लागून ते चिकटलं होतं, तो कोपरा तुटून आला. पत्ता शाबूत आहे हे बघून मला बरं वाटलं. मी कार्ड पेटीत टाकून आले.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी, हे मला माहीत नव्हतं. खरं सांगते, नव्हतं. आमच्या घरी असं कार्ड आलं की वडील ते उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचायचे, तिथंच फाडून टाकायचे आणि थेट न्हाणीघरात जायचे. आम्हा मुलांच्या हाती ते कधी लागलंच नाही. आम्हाला नुसती आंघोळ दिसायची.

पाहुणे आले त्या दिवशी सकाळपासून लूचा भाजणारा वारा वाहत होता. ओसरीवर सतरंजी घातली होती. मुलाचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत होते, मधोमध तक्क्याला टेकून बसले होते. बाजूला मुलाचे वडील, आणि तो मुलगा, खाली मान घालून. तो माझ्याहूनही घाबरलेला दिसत होता. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, आणि त्याच वेळी दारात छत्री मिटायचा आवाज झाला.

नाना उभे होते. डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला, तोंड लालबुंद, कोट धुळीनं पांढरा झालेला. धुळ्याहून साक्री, साक्रीहून पिंपळनेर, भर उन्हात एस.टी. बदलत आलेले. आधी देवपूरच्या आमच्या घरी जाऊन आले होते आणि तिथं दाराला कुलूप पाहून त्यांना नको ते सगळं खरंच वाटलं होतं. त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं नाही, मामांकडेही नाही. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू शे ना वं, बेटी?"

मी मान हलवली. नाना तिथंच उंबऱ्यावर बसले आणि त्या ओल्या पंच्यात तोंड घालून रडायला लागले. मोठा माणूस असा रडताना मी तोवर पाहिला नव्हता. बशा हातात तशाच धरून मी उभी राहिले.

"मास्तर, काय व्हयनं?" मामा पुढे आले. "पहिले पानी ल्या."

नानांनी पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत. खिशात हात घातला. आधी कांदा निघाला, मग माझं कार्ड. "कोपरा फाटेल शे," ते म्हणाले. "मी वाची नही शकनू." त्यांनी ते वाचलंच नव्हतं. पिंपळनेरचा शिक्का बघितला, कोपरा बघितला आणि तसंच खिशात घालून निघाले होते.

आबांनी हात पुढे करून विचारलं, "मंग काय लिखेल शे त्यानावर?"

इथं नानांची ती सवय आडवी आली. त्यांनी चष्मा लावला आणि विद्यार्थ्याची वही घ्यावी तसं कार्ड धरून वाचायला सुरुवात केली, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात.

"मामा पाहुण्यांची वाट पाहतात. मामी पाहुणे जाण्याची. आई कोणी आपल्याला विचारील याची वाट पाहते. अण्णा कोणाचीच वाट पाहत नाहीत, ते दाराकडे पाहतात." अण्णा म्हणजे माझे वडील. मला वाटलं, आता जमिनीनं मला पोटात घ्यावं. नाना वाचतच होते. "बिबडे उन्हाची वाट पाहतात. कावळा माझी नजर चुकण्याची. मी जूनची वाट पाहते. अकरावीचं पुस्तक मी आणून ठेवलं आहे. हे मी घरात सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते."

शेवटच्या ओळीवर आल्यावर नानांच्या लक्षात आलं की आपण कुठं आहोत. त्यांनी चष्मा काढला. पाहुणे दिसले, सतरंजी दिसली, माझी नवी साडी दिसली. इतकं घाबरलेलं तोंड मी त्यांचंही कधी पाहिलं नव्हतं. "माफी करा," ते पुटपुटले. "माल्हे माहीत नव्हतं."

मामांच्या कपाळाची शीर उडत होती. आबांनी पोह्यांची बशी माझ्या हातातून घेतली, दोन घास सावकाश खाल्ले आणि मामांना म्हणाले, "पोर शिकी राहिनी. शिकू द्या तिले. आम्हले बी घाई नही."

मामा काही बोलणार, तेवढ्यात माझे वडील उठले. जन्मभर मी त्यांना मामांच्या आधी बोलताना ऐकलं नव्हतं. "मॅट्रिक होऊ द्या तिची," ते म्हणाले, आणि नानांची छत्री उचलून त्यांना स्टँडवर सोडायला निघाले. त्या उन्हात दोघं एका छत्रीखालून गेले. कांदा उंबऱ्यावरच राहिला.

पाहुणे परत आले नाहीत. मामांनी नानांचं नाव आयुष्यभर घेतलं नाही. माझं म्हणाल तर तीन दिवस मीही नानांवर संतापले होते. घरातली गोष्ट भर ओसरीत वाचून दाखवली, म्हणून. जूनमध्ये शाळा उघडली, नाना वर्गात आले, खिसा चाचपला आणि "बठ्ठा शेतस ना?" म्हणताना माझ्या बाकाकडे बघितलं. तेव्हा माझा राग गेला.

जोडकार्डांचा उलगडा मला मॅट्रिक झाल्यावर, पेढे द्यायला गेले तेव्हा नानांच्या घरी झाला. मी काकूंना, नानांच्या पत्नीला, सहज म्हटलं, नानांना माझं लेखन आवडायचं म्हणून मला कार्ड यायचं. काकू म्हणाल्या, "अगं, चौघी-पाच जणींनाच धाडायचे ते. सुट्टीनंतर परत येतील की नाही अशी धास्ती ज्यांची वाटायची, त्यांना. तुझ्याआधी एक कमल होती. उन्हाळ्यात लग्न झालं, ह्यांना जूनमध्ये कळलं. आणि दुसऱ्या वर्षी तिच्या घरून कोपरा फाडलेलं कार्ड आलं, बाळंतपणात गेल्याचं. तेव्हापासून हे सुरू झालं." माझा तोरा त्या दिवशी उतरला. विषय नुसता निमित्ताला होता. दहा ओळी आल्या म्हणजे मुलगी आहे.

पुढे मी शिकले, जळगावला शिक्षिका झाले, संसार झाला. नाना निवृत्त झाले तरी वैशाखात माझं कार्ड चुकलं नाही. दोन मुलांची आई झाल्यावरही मी स्वयंपाकघरात बसून माठातल्या पाण्यावर दहा ओळी लिहायची. एकदा अकरा झाल्या, तर पुढच्या वर्षीच्या कार्डावर कोपऱ्यात लिहून आलं, 'मागच्या वेळी एक ओळ जास्त होती.'

चार वर्षांपूर्वी चैत्रात नानांच्या मुलाचं कार्ड आलं. कोपरा फाडलेला. मी ते उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचलं, फाडलं आणि आंघोळीला गेले. न्हाणीघरात मला रडू आलं, ते बराच वेळ थांबलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन पुन्हा आला. आमच्या जुन्या पत्त्यावर जाऊन फिरून आलेलं जोडकार्ड होतं. अक्षर नानांचं, थोडं कापरं झालेलं. विषय लिहिला होता, 'भर दुपारी दार वाजलं. कोण असेल?'

मी हात धुतले, कोरडे केले. कात्री घेऊन दोन्ही कार्डं वेगळी केली, चारही कोपरे तपासले. दहा ओळी लिहिल्या, मोजल्या आणि त्याच दुपारी डोक्यावर पदर घेऊन पेटीत टाकून आले. घरातले म्हणाले, अगं, आता कोणाला? उत्तर गेलं नाही तर नाना पुन्हा उन्हात एस.टी.त बसतील, असं मला खरंच वाटत होतं.