सांडूमामांच्या ओठांवरची गाथा

सकाळचे आठ. तव्यावर भाकरी होती आणि मी माझ्या मिस्टरांच्या, सत्यमच्या, डब्यात वांग्याची भाजी भरत होते. तेवढ्यात दार वाजलं. सांडूमामा. आमच्या गारखेड्यातले बौद्धाचार्य. लग्न, नामकरण, अंत्यविधी, गेली बावीस वर्षं सगळं तेच करतात.

"बरोबर चहाच्या टायमाला आलात, मामा," सत्यम म्हणाला. एरवी मामांनी उलटा टोला हाणला असता. आज नुसतं "जयभीम" म्हणून मान खाली घालून बसले.

कालचं मला ठाऊक होतं. केसरबाईंच्या नातवाच्या नामकरणाला मी होते. मामांनी पाळण्यात पाहिलं आणि मंगलगाथेऐवजी 'अनिच्चा' सुरू केलं. मयताजवळ म्हणतात ती गाथा. दोन ओळी होईपर्यंत कुणाला कळलंच नाही. मग केसरबाईंनी बाळ उचलून छातीशी धरलं. "जित्या लेकराला पोचवतो का रं, सांडू?"

"होते एखाद वेळी चूक, मामा," मी म्हटलं.

"चूक नाय, पोरी." चहावर साय धरली होती. "कोरोनात एका दिवसात सात जण पोचवले. घरचं कुणी जवळ नाय, म्या एकटाच. तव्हापासून समोरच्याचं तोंड बघितलं की तीच गाथा येती. भाजीवाल्याला बघून येती. आरशात बी. इतके दिस ओठांतच दाबली, काल सुटली."

तेव्हा लक्षात आलं, आल्यापासून त्यांनी आमच्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं. ओठ मात्र हलत होते.

"डॉक्टरला दाखवू," सत्यम हळूच म्हणाला.

"दाखवलं. म्हणला, आराम करा. मयताला काय सांगू, थांब म्हणून? फोन आला की मला नाय म्हणता येत नाय. भंतेजींना पावसाळ्यात वर्षावास असतो, तीन महिने एका जागी मुक्काम. मला बावीस वर्षांत एक बी नाय. लेक पिशोरला लई बोलावती."

बावीस वर्षांत "दमलात का?" असं आम्हीही कुणी विचारलं नव्हतं.

"मग जा ना, मामा."

"रविवारी द्वारकाबाईच्या नातीचं लग्न हाय. नवरीच्या तोंडाकडं बघून मी काय म्हणन, माझा मलाच भरवसा नाय."

विहाराच्या फळ्यावर कार्यक्रम आणि आचार्यांचा नंबर मीच लिहिते. मामा फरशीकडं बघतच म्हणाले,

"माझा नंबर तेवढा पूस. तीन महिने. अन् कुणी इचारलं तर आजारी हाय म्हणू नको. सुट्टीवर हाय म्हण."