डोळा की पडदा

आमच्या गल्लीत बातमी अशी होती की आत्याचे डोळे गेले, म्हणून ती दुकानात कॉम्प्युटर कान लावून पसंत करत होती. शिंप्याने इस्त्रीवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याने जगाला. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तर आत्या कलिंगड बघावं तशी पेटीवर टिचक्या मारत होती.

कान लावला होता, एवढं खरं. मी शेजारीच उभी होते. डोळ्यांचं मात्र सगळं उलटंपालटं करून सांगतात, म्हणून नीट सांगते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत बसून ती बावीस वर्षं लोकांचे चेहरे नीट करते. आधी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने, आता माऊसने. नियम एकच: पुरळ काढायचं, तीळ ठेवायचा. "पुरळ आठवड्यात जातं गं. तीळ जन्माचा सोबती, तो काढला तर आई तरी ओळखेल का?"

तर मागे एका नवरीचे वडील अल्बम घेऊन आले. त्यांचा आवाज नाकातून निघतो आणि वाक्य संपता संपता माळ्यावर चढतो. "बाई, आमचं अख्खं घराणं कच्च्या केळ्यासारखं दिसतंयऽऽ! आम्ही काय आजारी होतो काऽऽ?"

त्या अल्बमचे रंग आत्याने स्वतः लावलेले. ते गेल्यावर बाबांनी चष्मा पुसला. ते प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसतात, जणू वाक्य तिथूनच बाहेर पडणार आहे. "ताई, वय झालं." पुसपूस. "डोळ्यांना आराम दे." पुसपूस. "खोली मोबाईल दुरुस्तीवाल्याला देऊन टाकू."

आत्या चिडेल असं मला वाटलं होतं. ती अल्बम घेऊन दारातल्या उजेडात गेली, मग आत येऊन पडद्यावर तोच फोटो पाहिला, पुन्हा दारात. अशा सहा-सात फेऱ्या झाल्या.

"पडद्यावर छान आहे, कागदावर हिरवट. पण मला हिरवट खरंच दिसतंय, की सगळे म्हणतात म्हणून दिसतंय?"

"डॉक्टरांना विचार की."

"डॉक्टर अक्षरं वाचायला लावतात. मला चेहरे वाचायचेत. चल, तसाही हा कॉम्प्युटर मोठा फोटो उघडायचा म्हटलं की विचारात पडतो. नवा बघू. डोळा गेला असेल तर तिथेच कळेल, मग खोली देऊन मोकळी होईन."

दुकानातला विक्रेता श्वास न घेता बोलायचा. त्याने आम्हाला थेट काचेच्या पेटीपुढे नेलं. आत लाल-निळे दिवे पळत होते. "मॅडम ही मशीन नाही वाघ आहे वाघ, गेम खेळायला एक नंबर!"

"वाघाला दिवे कशाला लागतात? आणि मी गेम खेळत नाही, सुरकुत्या मोजते."

तिने पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यात त्या नवरीच्या अल्बममधला वऱ्हाडाचा फोटो होता, एकावर एक चाळीस थर चढवलेला. तो आधी वाघावर उघडून सेव्ह करायला लावला, मग कोपऱ्यातल्या साध्या काळ्या पेटीवर. सेकंद मी मोजले. दोघांना सारखाच वेळ लागला. मग आत्याची सरबत्ती: रॅम किती, पुढे वाढवता येईल का, फोटो साठवायला दुसरी डिस्क बसेल का? आणि मग तो प्रसिद्ध कान. वाघाचे पंखे घुरघुरत होते.

"घरी तुझे आतोबा घोरतात तेवढं पुरे," ती म्हणाली.

काळी पेटी ठरली. राहिला पडदा. ओळीने सहा पडदे, सगळ्यांवर आमचीच नवरी. एकावर टोमॅटो, दुसऱ्यावर भूत.

"यातला बरोबर कुठला?"

"सगळेच बरोबर मॅडम!"

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने दुकानासाठी भडक केलेले रंग मूळ जागी आणले. शेवटचा पडदा खास फोटोच्या कामाचा होता, रंग तपासल्याचा कागदच सोबत आलेला. त्यावर नवरी हिरवट दिसली, अगदी अल्बमसारखी.

"अगं, माझ्या जुन्या पडद्यावर लाली चढलीय!" आत्या खुर्चीतून उठलीच. "हळूहळू चढली, म्हणून कळली नाही. ती लाली मारायला मी प्रत्येक चेहऱ्यात हिरवं ओतत बसले!" मग पुन्हा खाली बसली. "की हेही मी ऐकूनच बोलतेय?"

मला राहवलं नाही. मी हवेतला चष्मा पुसला. "ताई, वय झालं."

"लाव पैज," आत्या म्हणाली.

ठरलं ते असं: एकाच फोटोच्या बारा प्रती, प्रत्येक आधीच्यापेक्षा केसभर हिरवी. त्या पिसायच्या आणि आत्याने ओळीत लावायच्या. मी म्हटलं, दोन तरी चुकशील. चुकली तर खोली सोडणार. नाही चुकली तर मी महिनाभर कुणाची नक्कल करायची नाही.

आत्या बाहेर जाऊन उभी राहिली. विक्रेत्याने प्रती केल्या, खरा क्रम मी कागदावर लिहिला. आणि त्याच्या कानात सांगून एक लबाडी केली, दोन प्रती अगदी एकसारख्या ठेवल्या.

आत्याने येऊन आधी रुमालाने पडदा पुसला. मग एकेक फोटो सरकवायला लागली. विक्रेता बोलायचा थांबला, म्हणजे बघा. अकरा लागले. बारावा घेऊन तिचा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, परत आला, थांबला.

"हा कुठेच बसत नाही गं."

तिचा चेहरा उतरला. मला जिंकल्यासारखं वाटलं आणि लगेच ते मुळीच आवडलं नाही. तेवढ्यात तिने तो फोटो उचलून सातव्याच्या बरोब्बर वर ठेवला.

"हे दोन एकच आहेत. लबाड कुठली!"

मी कागद पाहिला. सगळा क्रम बरोबर.

घरी बाबांनी विचारलं काय झालं. एवढा मसाला हातात, आणि मला माझ्या स्वतःच्या सपक आवाजात सांगावं लागलं, "काळी पेटी घेतली, नवा पडदाही. डोळे चांगले आहेत." पैजेचे अजून सव्वीस दिवस जायचेत.