म्हाताऱ्या शेळीच्या मेंदूतले सोनेरी कण

मेंदू म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला एकोणिसाव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं. तसं त्या वयात मला सगळंच ठाऊक होतं. डोक्यावरचे केस गळतात तशा आतल्या पेशी गळत जातात आणि शेवटी माणसाच्या कवटीत खुळखुळ्यासारखं थोडंफार उरतं, असं मी बी.एस्सी.च्या वर्गात उभी राहून ठणकावून सांगितलं होतं. वर वेणीला एक झटकाही दिला होता. ती पोर आज समोर आली तर त्याच वेणीला धरून बाकावर बसवीन.

प्राणिशास्त्राच्या आमच्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गळतात त्या गळू देत. ज्या उरतात त्यांचं काय होतं, ते सांग."

मी खाली बसले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत.

बाई म्हणजे श्रीरामपूरला आमच्या कॉलेजची शान. बेडकाचा मेंदू काढायला फळ्याकडे वळल्या, की दोन्ही हातांत खडू घेत. डावा हात डावी बाजू, उजवा हात उजवी, दोन्ही एकदम. मधे फट नाही की खोडाखोड नाही. शेजारच्या वर्गातली पोरं दारात येऊन बघत. त्या वर्षी मात्र त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. बोलता बोलता एखादा साधा शब्द अडायचा. निवृत्तीचं वय झालंच होतं, पण कॉलेजने मुदतवाढ देऊ केली होती आणि बाई होकार कळवत नव्हत्या.

"आतून रिकामी होत चाललेय की काय, ते आधी कळू दे," त्या मला प्रयोगशाळेत म्हणाल्या. "रिकामं डोकं घेऊन पोरांपुढे उभं राहायचं नाही मला."

मग त्यांनी समजावलं. कातडीची पेशी दुभंगते, एकीच्या दोन होतात, साठलेला कचराही दोघींत वाटला जातो. मेंदूतल्या पेशीला ती सोय नाही. ती आपल्याबरोबर जन्मते आणि शेवटपर्यंत तीच राबते. राबणं आलं की कचरा आला. थोडा कचरा असा उरतो, जो तिला पचवताही येत नाही आणि बाहेरही फेकता येत नाही. तो पिवळट कणांच्या रूपाने तिच्या पोटात साचत जातो. "पुस्तकात वाचलं, वर्गात शिकवलं. डोळ्यांनी एकदाही पाहिलं नाही. एक कोवळा मेंदू आण आणि एक म्हातारा. काप तू काढ. माझा हात आता ब्लेडला चालत नाही."

मेंदू नासू नये म्हणून मी फॉर्मालिनच्या दोन बरण्या पिशवीत घालून सकाळी सकाळी मटणवाल्या चाचांकडे गेले. बाहत्तरच्या दुष्काळाचे दिवस. चारा नाही, पाणी नाही, लोक मिळेल त्या भावाला जनावरं काढत होते. दुकानात गर्दी होती. मी विदुषी त्या गर्दीतून ओरडले, "चाचा, एक म्हाताऱ्या बोकडाचा भेजा द्या!"

चाचांचा सत्तूर हवेतच राहिला.

"म्हातारा? माझ्या दुकानात?" ते गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाले. "बेटी, इथं सगळं कोवळंच मिळतं. ही मुंडी बघ, एकदम कोवळी. आणि ही दुसरी वयानं थोडी मोठी. याहून जून माल मी ठेवतच नाही."

एक आजी मागून म्हणाली, "पोरी, म्हातारं मटन शिजंल का? सासरी जाऊन काय करशील गं?"

चाचांनी दोन्ही कवट्या फोडून दिल्या. मी एका बरणीला 'कोवळा' अशी चिठ्ठी लावली, दुसरीला 'मोठा'. घरी आईला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "दोन दोन भेजे आनले आन् औषधात बुडीवले? लई शिकलीस बाई!"

पुढचे दिवस नुसती धडपड. मेंदू घट्ट होऊ द्यायचा, मद्यार्काने त्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवायचा, मग यंत्रावर कागदाहून पातळ काप. बाई शेजारी बसून फक्त बोटाने दाखवत. माझे काप फाटत, चुरगळत, एकदा तर माझ्या शिंकेबरोबर उडून गेले. बाईंनी आवाज चढवला नाही. "पुन्हा," एवढंच म्हणाल्या.

अखेर काचपट्ट्या तयार झाल्या. मी सूक्ष्मदर्शकाखाली आधी 'मोठा' पाहिला. पेशी स्वच्छ. मग 'कोवळा' लावला आणि खुर्चीवरून उडालेच. पेशीपेशीत पिवळे-तपकिरी कण, ढिगाने! म्हणजे कचरा म्हातारपणी नाही, लहानपणी साचतो! जगातली सगळी पुस्तकं चूक, बरोबर काय ती मी. बाईंना हाक मारेपर्यंत माझ्या मनात विलायतेचं बोलावणंसुद्धा येऊन गेलं होतं.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचपट्टी इकडून तिकडे सरकवून पाहिली.

"हा 'कोवळा' असं कुणी सांगितलं?"

"चाचांनी."

"दात पाहिलेस?"

शेतकऱ्याची पोर मी. आमच्याकडे जनावराचं वय कळायला दात बघतात, हे मला चालायला लागल्यापासून माहीत. पण बी.एस्सी. झालेल्या मुलीने मुंडीच्या तोंडात बोटं घालायची म्हणजे काय! खरं तर बी.एस्सी. व्हायलाही अजून वर्ष होतं.

बाई चपला घालून चाचांकडे निघाल्या, मी मागोमाग. दुपारी दुकान रिकामं होतं. त्यांनी सरळ विचारलं, "चाचा, त्या दिवशी कोवळी म्हणून दिलीत, ती शेळी किती म्हातारी होती?"

चाचांनी आधी बाहेर पाहिलं, मग आत पाहिलं. "बाई, तुम्हाला कळलं कसं? दात तर मी आधीच पाडून टाकले होते!"

"तिच्या मेंदूने सांगितलं."

चाचा खाटेवर बसलेच. मग हळू आवाजात म्हणाले, "कळपाच्या पुढं चालणारी शेळी होती. लई वेतं झालेली. धनगराकडं चारा राहिला नाही, डोळे पुसत देऊन गेला. शेवटच्या दिवशीबी कळप तिच्याच मागनं आला माझ्या दारापर्यंत. कुणाला बोलू नका."

परत आल्यावर बाईंनी तीच काचपट्टी पुन्हा लावली. मग मला बघायला लावलं, आणि या वेळी मी खरंच पाहिलं. कणांनी पेशीचा एक कोपरा भरून गेला होता, केंद्रक जरा बाजूला सरकलं होतं. पण पेशी फुटली नव्हती. आपला पसारा एकीकडे आवरून ठेवून ती जागेवर उभी होती, तिचे फाटे शेजारणींच्या दिशेने पसरलेले. उजेडात ते कण कचऱ्यासारखे दिसतच नव्हते. सोन्याची कणी वाटत होती. त्या अडगळीसकट ती पेशी शेळीला रोज पाण्यावर नेत होती, मागच्या कळपाला वाट दाखवत होती. इतकं राबलेलं काही मी तोवर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"रिकामी कुठाय?" मी म्हटलं.

"भरलेली आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून जरा शोधाशोध होते."

त्या उठल्या, हात धुतले, पदर नीट केला आणि प्राचार्यांच्या खोलीकडे चालू लागल्या. मी दाराबाहेर कान देऊन उभी, ही सवय माझी अजून सुटलेली नाही. आत प्राचार्य आनंदाने म्हणत होते, "मग बाई, एक वर्षाची मुदतवाढ लिहू ना?"

"दोन लिहा," बाई म्हणाल्या.