हिराजीबाबा आणि फाटकं जाळं

गोराईच्या धक्क्यावर सकाळी साडेनऊला उभी होते आणि डोकं ऑलरेडी तापलेलं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे, पण आठवलं की अजूनही तापतं...

मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवायचे, बोरिवलीहून रोज होडीने खाडी ओलांडून यायचे. शाळेशेजारच्या एका खोलीत आम्ही जुनी अवजारं मांडून छोटंसं संग्रहालय केलं होतं. आम्ही म्हणजे मीच... बाकीचे शिक्षक 'छान आहे हं' म्हणण्यापुरते.

ती खोली गावकमिटीला रेशनच्या गोदामासाठी परत हवी होती. तेवढ्यात शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाचं फिरतं प्रदर्शन आमच्याकडे यायचं ठरलं, नाव 'माणसाचं काम'. प्रदर्शन संपताना त्या संग्रहालयाचे साहेब येऊन सगळं तपासणार आणि रिपोर्ट देणार. रिपोर्ट चांगला आला तर खोली आमची, नाहीतर तिथे गव्हाची पोती.

प्रदर्शन नऊ पेट्यांतून आलं. होडीत त्या पेट्यांवर कोणीतरी मासळीच्या टोपल्या ठेवल्या, त्यामुळे कुंभाराच्या फोटोला आठवडाभर बोंबलाचा वास येत होता. सूचनांच्या पुस्तकात लिहिलं होतं, 'वस्तू कोरड्या हवेत ठेवाव्यात.' खाडीकाठी! मी ते पान दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

त्यात गावातले लोक. बघायला कोणी यायचंच नाही, सगळे तपासायला यायचे. कोयता उलटा टांगलाय, टोपलीची कड चुकलीय... आणि बोलता बोलता जो तो वस्तू उचलायचा. मी 'हात लावू नये' अशा सात पाट्या लिहिल्या, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सगळ्यात जपायची वस्तू म्हणजे एक जुनं सुती जाळं, अकरा ठिकाणी फाटलेलं. आलं त्या दिवशीच मी प्रत्येक भोकाची मापं घेऊन फॉर्म भरला होता, खाली सही केली होती. जसं आलं तसंच परत गेलं पाहिजे, हा नियम.

तपासणीच्या दिवशी साहेबांना आणायला धक्क्यावर जायचं होतं. दाराशी भरवशाचं माणूस हवं म्हणून हिराजीबाबांना बसवलं. सत्तरीचे कोळी, होडी विकून टाकलेली, अख्खा दिवस घराच्या ओट्यावर काही न करता बसायचे. म्हटलं, काही न करणं हेच तर हवंय मला! 'कोणाला हात लावू देऊ नका,' असं तीनदा बजावून निघाले.

साहेबांची होडी चुकली. मी उन्हात साडेतीन तास उभी... आणि साहेब उतरले ते मलाच विचारत, एवढा उशीर कसा झाला म्हणून.

खोलीत शिरलो तर जाळं भिंतीवर नाही! खाली जमिनीवर, हिराजीबाबांच्या पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेलं. हातात लाकडी सुई, मांडीवर घरून आणलेला जुना, त्याच रंगाचा दोरा. अकराच्या अकरा भोकं विणून झाली होती, शेवटची गाठ तेवढी चालली होती.

माझी वाट लागली. साहेबांच्या देखत मी बाबांवर अक्षरशः किंचाळले.

"अगो बाय, कशाला वरडतंस? कुनाला हात लावू दिला नाय मी," बाबा शांतपणे म्हणाले. मग जाळ्यावरून हात फिरवत, "फाटकं जालं भितीला टांगलं म्हंजी त्या घरचा मानूस दर्यावर जायचा थांबला. मी होडी विकली तवा पन जालं सांधून दिलंय."

साहेब लाल झाले होते. त्यांनी फॉर्म काढला, पेटीतली कात्री काढली आणि ती बाबांपुढे धरली... नवीन विणलेलं सगळं कापा म्हणाले, वस्तू मूळ स्थितीत हवी. धड झालेली वस्तू पुन्हा फाडायची, तीही 'माणसाचं काम' या बोर्डाखाली उभं राहून! माझा तर संताप संताप झाला, पण तोंड उघडायची सोय नव्हती. खोली गेली, असं मनाशी धरून टाकलं.

बाबांनी कात्री घेतली नाही. "तुमीच कापा, साहेब."

साहेब मांडी घालून बसले. एका हातात फॉर्म, दुसऱ्यात कात्री. पहिलं भोक, डाव्या कडेपासून वीतभर... तिथे जाळं होतं, नुसतं जाळं. दुसरंही सापडेना, तिसरंही.

त्यांनी चष्मा पुसला, मला बोलावलं. मीही शोधायला लागले. ज्या भोकांची मापं मी स्वतः घेतली होती ती मला सापडत नव्हती. बाबा छताकडे बघत बसले होते, एका शब्दाची मदत नाही.

वीसेक मिनिटं हा प्रकार चालला. शेवटी साहेबांनी कात्री पेटीत ठेवली. फॉर्मवर 'दुरुस्ती' असा रकानाच नव्हता, फक्त 'नुकसान' होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'आढळले नाही.'

त्या रिपोर्टवर आमची खोली राहिली. माझ्या सातही पाट्या मी त्याच संध्याकाळी काढून टाकल्या.

कामाचं प्रदर्शन भरवलं होतं मी. आणि गावातला सगळ्यात कसलेला कारागीर दाराशी बसवला होता, तो काही करणार नाही म्हणून... एवढीच अक्कल होती माझी. हिराजीबाबा आता नाहीत. बाबा, त्या दिवशी मी तुमच्यावर नुसतीच ओरडले, आभार मानायचे राहूनच गेले. ते आज मानते.